आखूड पलंगाची खोली

मी एक जुनी खोली आहे, मित्रांनो, पण माझ्यात आजवर कुणीही राहिलेलं नाही. खोली म्हटली की तिच्याकडे सांगायला काहीतरी असतं. कुणाचा जन्म, कुणाचं आजारपण, भिंतीवर पेन्सिलीनं मांडलेली पोरांची उंची. माझ्याकडे तसलं काही नाही. मी नमुन्याची खोली. ‘तुम्हाला असं घर मिळणार आहे’ हे लोकांना दाखवायला सरकारनं मला बांधलं. आता माझा गिलावा सुटलाय, बिजागऱ्या कुरकुरतात आणि खरं सांगायचं तर मी फार दमले आहे. उद्या मला पाडणार आहेत. त्याआधी जमेल तेवढं सांगते.

जिथे मी उभी आहे तिथे पूर्वी झोपड्या होत्या. त्या हटवून तिथे मोठमोठ्या इमारती बांधायच्या आणि झोपडीवाल्यांना त्यांत पक्की घरं द्यायची, असं सरकारनं ठरवलं. इमारती होईपर्यंत त्या लोकांना रस्त्यापलीकडे पत्र्याच्या शेड बांधून दिल्या. या शेडना सगळे ‘तात्पुरती घरं’ म्हणायचे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ती ज्यानं केली तो फारच आशावादी माणूस असणार. त्या शेडमध्ये जन्मलेली मुलं पुढे मिशा फुटेपर्यंत तिथेच राहिली.

इमारतींचा पायासुद्धा खणला नव्हता तेव्हा मैदानाच्या कडेला मी एकटी उभी राहिले. एक खोली, तिच्या कोपऱ्यात ओटा, पलीकडे मोरी. ओट्यावर चकचकीत नळ होता, पण नळाच्या मागे पाइप नव्हता. भिंतीवर बटणं होती, पण आत वायर नव्हती. फळीवरच्या ताटल्या कुणी पळवू नये म्हणून डिंकानं चिकटवलेल्या. पुस्तकांच्या जागी लाकडाचे ठोकळे होते आणि त्यांच्या पाठी रंगवल्या होत्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं. नवी नवरी जशी सगळे सांगतील तशी सजते, तशी मी सजले होते.

पलंगाची गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली. सुतारमामा माझ्यातच बसून पलंग करत होते. साईटचा सुपरवायझर आला, दारात उभा राहून त्यानं एक डोळा मिटला आणि म्हणाला, “मामा, पलंग जरा आखूड घ्या. टेबल, कपाट, सगळंच थोडं लहान घ्या. खोली मोठी दिसली पाहिजे.”

“साहेब, मग यावर झोपणार कोण?”

“झोपायचंय कुणाला? बघायचंय फक्त.”

सुतारमामांनी करवत उचलली. “तुम्ही सांगाल तसं,” म्हणाले आणि कापलं.

आणि चाल यशस्वी झाली. पहिल्या दिवशी मला बघायला सगळी वस्ती लोटली. लोक चपला बाहेर काढून आत यायचे, जणू दुसऱ्याच्या घरी आलेत. बायका ओट्यावरून हात फिरवायच्या, भांड्यांची फळी कुठे ठोकायची ते ठरवायच्या. पुरुष छताकडे बघून मान डोलवायचे. “केवढी ऐसपैस आहे हो,” असं जो तो म्हणे. मित्रांनो, मला तेव्हा फार अभिमान वाटला. माझ्यासारख्या शेकडो खोल्या एकावर एक उभ्या राहणार आणि या सगळ्या माणसांचे दिवस पालटणार, या विचारानं मी फुलून गेले होते.

मला झाडायला एक बाई नेमली होती. ती रस्त्यापलीकडच्या शेडमध्येच राहायची. नवरा ट्रकवर, कधीतरी उगवायचा. घरात ती आणि तिची सासू. सासूला साऱ्या वस्तीत ‘शिडीआजी’ म्हणत, कारण सासू विलक्षण उंच होती. म्हातारपणीसुद्धा शेडमध्ये शिरताना तिला चांगलंच वाकावं लागे. ती या बाईला ‘सूनबाई’ म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते.

सूनबाई रोज सकाळी यायची, जिथे कुणी राहत नाही तिथला केर काढायची, चिकटवलेल्या ताटल्या फडक्यानं पुसायची आणि पुसता पुसता माझ्याशी बोलायची. तिच्याकडूनच मला घरची हकीकत कळली. शेडमध्ये एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला चूल आणि मध्ये जी जागा उरे तिच्यात शिडीआजी पाय पोटाशी घेऊन झोपायची. पाय लांब केले की चुलीला लागत. तिची जुनी लोखंडी खाट, झोपडी पाडली तेव्हा डोक्यावरून वाहून आणलेली, शेडमध्ये मावलीच नाही. ती बाहेर उभी करून ठेवली होती. तिच्यावर कपडे वाळायचे.

“आईंचं एकच मागणं आहे,” सूनबाई म्हणायची. “म्हणतात, एकदा माझ्या घरात, माझ्या खाटेवर पाय लांब करून झोपू दे. मग न्या मला कुठे न्यायचं तिकडे.”

मी माझ्या खिडकीतून ती खाट बघत असे. मी तिचीच वाट बघत होते म्हणा ना. म्हणजे ती खाट जाणार होती माझ्यासारख्याच दुसऱ्या खोलीत, पण मला आपलं ते माझंच काम वाटायचं.

वर्षं गेली. पाया खणला, खड्ड्यात पाणी साचलं, बेडूक नांदू लागले. साहेब बदलले. नव्या साहेबांनी योजनेचं नाव बदललं आणि मला पिवळी रंगवून माझ्या दाराला फीत बांधली. फीत कापून टाळ्या वाजल्या आणि सगळे निघून गेले. पुढचे साहेब आले, मी निळी झाले. त्यांच्यानंतर गुलाबी. प्रत्येक वेळी फीत, प्रत्येक वेळी टाळ्या, आणि खड्डा होता तिथेच. रंगाचे इतके थर चढले की माझी खिडकी नीट लागेना. पहिल्यांदा मला वाटलं, आता होणार. मग वाटेनासं झालं. नटून थटून पाहुण्यांची वाट बघायचाही शेवटी शीण येतो.

अखेर एकदाचे खांब वर आले. कमरेइतके झाले. पुढच्या आठवड्यात जोमानं काम सुरू होणार, असं सुपरवायझर सगळ्यांना सांगत होता. त्याआधी एक मोठ्या बाई, नव्यानं आलेल्या इंजिनिअर, पाहणीला येणार होत्या. शेडमधल्या लोकांचा जीव टांगणीला लागला होता. मोठ्या बाईंनी मान हलवली की काम पुढे जाणार, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

नेमक्या पाहणीच्याच दुपारी वारा सुटला आणि शिडीआजीच्या डोक्यावरचा पत्रा उडाला. आजीला कंबरदुखीनं धड उठवत नव्हतं. सूनबाईच्या हातात माझी किल्ली होती. तिनं इकडे तिकडे पाहिलं, सासूला आधार देत रस्ता ओलांडला आणि मला उघडून तिला पलंगावर निजवलं. नमुन्याच्या खोलीत कुणी बसायचंसुद्धा नाही, असा नियम होता. पण पहिल्यांदाच माझ्यात कुणीतरी अंग टेकलं होतं.

आजीनं पाय लांब केले. ते पलंगाच्या पार बाहेर आले, पोटऱ्यांपासून अधांतरी. तिनं मान उचलून आपल्याच पावलांकडे पाहिलं आणि हसायला लागली.

“अगं, हा पलंग माणसासाठी केलाय की मांजरासाठी?”

“हळू बोला, आई. कुणी ऐकलं तर माझं काम जाईल.”

तोवर सुपरवायझर आलाच. आजीला पाहून त्याचं तोंड उतरलं. पाहणीची गाडी रस्त्याच्या वळणावर दिसत होती. “आजी, उठा. हे दाखवायचं घर आहे. आणि पलंग लहान वाटत असेल तर अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं.”

“अंथरूण तुम्ही कापलंत,” आजी म्हणाली, “पाय देवानं दिलेत. आता कुणाचं ऐकू?”

एवढ्यात मोठ्या बाई आत आल्या. मागे चार-सहा माणसं. सुपरवायझर पटकन म्हणाला, “मॅडम, खोलीत माणूस कसा दिसेल ते कळावं म्हणून आजींना मुद्दाम झोपवलंय.” मागच्यांपैकी एकानं लगेच फोटो काढला. मला हसावं की रडावं कळेना.

मोठ्या बाई पलंगाजवळ आल्या. “काय आजी, आवडली का खोली?”

मित्रांनो, सूनबाई दाराआडून हात जोडत होती. हो म्हणा, नुसतं हो म्हणा. आजीला ते दिसत होतं. हो म्हटलं की पुढच्या आठवड्यात काम सुरू, वर्ष-दीड वर्षात घर. तिच्या वयाला वर्षसुद्धा लांब होतं.

“खोली छान आहे, बाई,” ती म्हणाली. “पण माझ्या पायांना वेगळी खोली लागेल.”

कुणी हसलं नाही. मोठ्या बाईंनी आजीला हात देऊन बसवलं, आपले बूट काढले आणि स्वतः त्या पलंगावर आडव्या झाल्या. त्या काही फार उंच नव्हत्या. तरी त्यांचे पाय बाहेर आले. छताकडे बघत त्या थोडा वेळ तशाच पडून राहिल्या. मग उठून म्हणाल्या, “खरी खाट आहे का कुणाकडे?”

कपडे वाळत घातलेली ती लोखंडी खाट आणली. आखूड पलंग बाहेर काढला, खाट उभी करून आत घेतली आणि आडवी ठेवली. मोठ्या बाईंनी माझं दार लावून घेतलं आणि उघडायला आत ओढलं. दार खाटेच्या पायाला ठण्णकन आपटलं. एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट राहिली. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा तोच आवाज. कपाट कुठे ठेवायचं हा प्रश्न तर कुणी विचारलाच नाही.

“सगळ्या खोल्या याच मापाच्या?” त्यांनी विचारलं.

सुपरवायझर जमिनीकडे बघत होता. “हो, मॅडम. नकाशा मंजूर आहे.”

“काम थांबवा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “खोल्या हातभर लांब करायच्या.”

दाराआडून सूनबाईचे जोडलेले हात खाली आले.

तुम्हाला वाटेल, आता सगळं चांगलं झालं. चांगलं झालंच, पण ते फार सावकाश झालं. उभे केलेले खांब पाडावे लागले. नवा नकाशा या टेबलावरून त्या टेबलावर जाऊ लागला. मोठ्या बाईंची बदली झाली. त्यांची सही तेवढी मागे राहिली, म्हणून जुना नकाशा कुणाला परत आणता येईना आणि नवा पुढे सरकेना. सूनबाईला कुणी कामावरून काढलं असं नाही, नुसती किल्ली मागून घेतली. आता दाखवण्यासारखं माझ्यात काही उरलं नव्हतं. माझ्यात सिमेंटच्या गोण्या रचल्या आणि परत आत टाकलेल्या आखूड पलंगावर फुटक्या घमेल्यांचा ढीग पडला.

शेडमधले लोक आजीशी बोलेनासे झाले. “तुमच्यापायी आमचं घर लांबलं,” असं शेजारीण तोंडावर म्हणाली. नळावर सासू-सुनेची बादली रांगेतून मागे सारली जाई. ज्या लोकांच्या दाराला जागा मिळावी म्हणून आजी बोलली होती, त्यांनीच तिला दार बंद केलं. मला त्यांचा रागही धड करता येत नाही. पत्र्याखाली तापत बसलेल्या माणसाला हातभर जागेचं कौतुक कुठून असणार?

सूनबाईलाही राग आला होता. पुढे नवा नकाशा मंजूर होऊन बांधकाम पुन्हा सुरू झालं तेव्हा ती घमेलं वाहायच्या कामाला लागली. सिमेंट न्यायला माझ्यात यायची. एकदा गोणीवर बसून ती माझ्या भिंतीशी बोलल्यासारखं बोलली. “छान आहे म्हणून गप्प बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी त्यांना विचारलं तसं. तर म्हणतात, आता आखडून झोपतेय ती मी एकटी. गप्प बसले असते तर सगळी वसाहत आखडून झोपली असती, आणि माझ्यानंतरही झोपत राहिली असती.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “दुसऱ्यांची एवढी काळजी. आणि मला रोज त्यांचे ते मुडपलेले पाय बघायचे.”

मग तिनं गोणी डोक्यावर घेतली आणि ती निघाली.

पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकला तेव्हा शिडीआजी अंथरुणाला खिळली. तिसऱ्या मजल्याचा टाकला तेव्हा तिला ऐकू येईनासं झालं. तोवर लोखंडी खाटही उन्हापावसात गंजून गेली होती. तिचे पाय एकेक करून गळाले आणि ती भंगारात गेली. एका सकाळी सूनबाई कामावर आली नाही. माझ्या खिडकीतून मी पाहिलं, ती शेडमधली चूल उचलून बाहेर ठेवत होती. चूल, भांडी, पाण्याची कळशी, सगळं बाहेर. मला आधी वाटलं, झाडलोट करत असेल. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नंतर तिच्याच तोंडून कळलं, आजी गेली होती. तिचे पाय सरळ करायला जागा हवी म्हणून सूनबाईनं चूल बाहेर काढली होती.

आजीला न्यायला तेच शेजारी आले. ज्या शेजारणीनं बादली मागे सारली होती, ती सूनबाईच्या शेजारी दिवसभर बसून होती.

इमारती झाल्या, मित्रांनो. यंदा झाल्या. लोकांना किल्ल्या मिळाल्या. सामान हलवायला हमालांची ये-जा सुरू झाली आणि मी सगळं खिडकीतून बघत होते. बाकीचं सूनबाईनं सांगितलं. तिच्या मजल्यावर जो तो आधी पलंग लावतो आणि मग दार उघडून बघतो. दार पार भिंतीपर्यंत जातं. एकदा उघडून बंद करून कुणाचं समाधान होत नाही. परवा शेजारणीनं आपलं दार असंच तीन-चारदा उघडलं, मिटलं, आणि मग सूनबाईच्या उंबऱ्यात येऊन नुसती उभी राहिली. सूनबाईनं तिला पाणी दिलं.

मी जिथे उभी आहे तिथून वसाहतीचा रस्ता जायचा आहे, म्हणून मला पाडायचं ठरलं. आज सकाळी सुतारमामा माझी दारं-खिडक्या उतरवायला आले. फार म्हातारे झालेत. आणि झाडू घेऊन सूनबाई आली.

“उद्या पाडणार आणि आज झाडतेस?” मामांनी विचारलं.

“हात शिवशिवतात, मामा. एवढी वर्षं झाडली.”

तिनं गोण्यांखालची धूळ काढली, घमेली बाहेर फेकली. ढिगाखालून तो पलंग निघाला. लाकूड चांगलं होतं, अजून खणखणीत. मामा त्याच्याकडे बघत राहिले.

“माझ्याच हातचा,” ते म्हणाले. “घरी पलंग आहे का तुला?”

“नाही. जमिनीवरच झोपतो.”

“मग हा घेऊन जा. लांबी वाढवून देतो. दाराची चौकट निघालीच आहे, तिचं लाकूड वापरतो. पण थांब. मागे माप घेतलं नव्हतं, या वेळी आधी माणूस झोपवतो. आडवी हो बघू.”

सूनबाई झाडलेल्या जमिनीवर, भिंतीला डोकं लावून आडवी झाली. ती चांगली ठेंगणी आहे. मामा कोळशाचा तुकडा घेऊन तिच्या टाचांशी वाकले.

“तिथे नको, मामा,” ती म्हणाली.

ती उठली, त्यांच्या हातातून कोळसा घेतला आणि आपल्या टाचांच्या बरंच पुढे जाऊन तिनं जमिनीवर रेघ ओढली. तिला शोधावं लागलं नाही. चूल बाहेर काढून जे पाय तिनं सरळ केले होते, ते कुठवर पोचले होते हे तिला पक्कं माहीत होतं.

“आईंच्या मापाचा करा,” ती म्हणाली. “माझे पाय पुरले नाहीत तरी चालेल.”

मामांनी मान हलवली आणि करवत काढली.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या नकाशे काढील, कुणी विटा रचील, कुणी सही करील. मी पडल्यावर मला विसरलात तरी चालेल. पण दुसऱ्यासाठी घर बांधाल तेव्हा ते दारातून एक डोळा मिटून बघू नका. त्यात राहणाऱ्यांपैकी सगळ्यांत उंच, सगळ्यांत थकलेल्या माणसाला आधी आत बोलवा, निजवा आणि विचारा. आणि त्यानं खरं सांगितलं तर त्याच्यावर रुसू नका. त्यानं ते स्वतःच्या दिवसांतून काढून तुम्हाला दिलेलं असतं.

दार निघाल्यामुळे आता माझ्यात वारा येतो आहे. लाकडाचा भुसा सगळीकडे उडतोय आणि सूनबाई तो पुन्हा पुन्हा झाडते आहे. मामांची करवत त्या रेघेच्या मापानं चालली आहे. मी दमले आहे, पण पलंग पुरा होईपर्यंत उभी राहीन.